जॉन पीटर ऑल्टगेल्ड

जॉन पीटर ऑल्टगेल्ड (३० डिसेंबर, इ.स. १८४७:नीडरझेल्टर्स, नासाऊ, जर्मनी - १२ मार्च, इ.स. १९०२:जोलिएट, इलिनॉय, अमेरिका) हे अमेरिकन वकील, न्यायाधीश व राजकारणी होते. ते १० जानेवारी, इ.स. १८९३ ते ११ जानेवारी, इ.स. १८९७ या काळात इलिनॉय राज्याचे २०वे गव्हर्नर होते. हेमार्केट खटल्यातील तीन कैद्यांना दिलेली माफी, कारखान्यांतील स्त्रिया व मुलांच्या संरक्षणासाठी केलेला कायदा आणि पुलमन संपाच्या वेळी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्याशी झालेला संघर्ष यांसाठी ते ओळखले जातात. इ.स. १८९६मध्ये गव्हर्नरपदाची फेरनिवडणूक ते हरले. या पराभवाला माफीचा निर्णय कितपत कारणीभूत होता, याविषयी आजही चर्चा होते.

अमेरिकेतील राज्यांचे गव्हर्नर भारतातील राज्यपालांप्रमाणे केंद्राकडून नियुक्त होत नाहीत. मतदार त्यांना थेट निवडतात आणि राज्याची कार्यकारी सत्ता त्यांच्या हाती असते. त्यामुळे गव्हर्नराला आपल्या निर्णयांचा हिशेब पुढील निवडणुकीत मतदारांपुढे मांडावा लागतो.

बालपण व शिक्षण

ऑल्टगेल्ड यांचा जन्म एका सामान्य जर्मन कुटुंबात झाला. ते अवघ्या तीन महिन्यांचे असताना त्यांचे आईवडील अमेरिकेला आले व ओहायो राज्यातील मॅन्सफील्ड गावाजवळ शेती करू लागले. घरची भाषा जर्मन होती. वडिलांचा कल मुलाने शाळेपेक्षा शेतात राबावे असा होता, त्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण तुटक राहिले.

अमेरिकन यादवी युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात, इ.स. १८६४मध्ये, सोळा वर्षांचे ऑल्टगेल्ड उत्तरेच्या सैन्यात भरती झाले. त्यांची पलटण केवळ १०० दिवसांसाठी उभारलेली होती. व्हर्जिनियातील या अल्पशा सेवेत त्यांना तापाने ग्रासले आणि त्याचे परिणाम त्यांना जन्मभर भोगावे लागले. परतल्यावर त्यांनी मॅन्सफील्डच्या हायस्कुलात अभ्यास केला व काही काळ शिक्षकाची नोकरी केली.

इ.स. १८६९मध्ये ते घर सोडून पश्चिमेकडे निघाले. वाटेत रेल्वेमार्गाच्या बांधकामावर मजुरी करताना ते पुन्हा आजारी पडले. अखेर मिसूरी राज्यातील सव्हाना या गावी त्यांनी आसरा घेतला. तेथे शिकवता शिकवता त्यांनी कायद्याचा अभ्यास केला व वकिलीची सनद मिळवली. इ.स. १८७४मध्ये शेतकरी चळवळीच्या पाठिंब्यावर ते अँड्रू काउंटीचे सरकारी वकील म्हणून निवडून आले. पुढच्याच वर्षी त्यांनी हे पद सोडले व ते शिकागोला गेले.

शिकागोतील कारकीर्द

इ.स. १८७१च्या भीषण आगीनंतर शिकागो शहर नव्याने उभे राहत होते. ऑल्टगेल्ड यांची येथे कोणाशीही ओळख नव्हती. वकिलीत जम बसल्यावर त्यांनी जमिनी व इमारतींच्या व्यवहारांत पैसा गुंतवला आणि काही वर्षांत ते श्रीमंत झाले. इ.स. १८७७मध्ये त्यांचा विवाह ओहायोतील एमा फोर्ड यांच्याशी झाला. त्यांना अपत्य नव्हते. डिअरबॉर्न रस्त्यावर त्यांनी उभारलेली १६ मजली युनिटी बिल्डिंग ही त्या काळातील शिकागोच्या उंच इमारतींपैकी एक होती. या इमारतीत त्यांची बहुतेक संपत्ती अडकली होती.

इ.स. १८८४मध्ये त्यांनी अमेरिकेतील दंडव्यवस्थेवर अवर पीनल मशिनरी अँड इट्स व्हिक्टिम्स हे पुस्तक लिहिले. पोलीस व तुरुंग यांच्या तडाख्यात मुख्यतः गरीब माणसेच सापडतात आणि या शिक्षेमुळे गुन्हेगारी कमी होण्याऐवजी वाढते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ओहायोतील तरुण वकील क्लॅरेन्स डॅरो यांच्यावर या पुस्तकाचा मोठा प्रभाव पडला. पुढे शिकागोला आल्यावर डॅरो त्यांचे निकटचे सहकारी झाले. त्याच वर्षी ऑल्टगेल्ड यांनी डेमोक्रॅटिक पक्षातर्फे अमेरिकन काँग्रेसची निवडणूक लढवली, पण ते पराभूत झाले. इ.स. १८८६मध्ये ते कुक काउंटीच्या सुपिरियर कोर्टाचे न्यायाधीश म्हणून निवडून आले व इ.स. १८९१मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

इ.स. १८९२ची निवडणूक

इ.स. १८९२मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने ऑल्टगेल्ड यांना गव्हर्नरपदाची उमेदवारी दिली. विद्यमान गव्हर्नर जोसेफ फायफर हे रिपब्लिकन पक्षातर्फे फेरनिवडणूक लढवत होते. इ.स. १८८९मध्ये मंजूर झालेला एडवर्ड्‌स कायदा हा प्रचाराचा प्रमुख मुद्दा ठरला. या कायद्याने सक्तीच्या शिक्षणाबरोबरच शाळांत इंग्लिश माध्यमाचा आग्रह धरला होता. स्वतःच्या शाळा चालवणारे जर्मन ल्यूथरन व कॅथलिक लोक त्यामुळे दुखावले गेले होते. ऑल्टगेल्ड यांनी राज्यभर दौरे केले आणि त्यांना सुमारे ४.२५ लाख, तर फायफर यांना सुमारे ४.०३ लाख मते पडली.

ऑल्टगेल्ड हे इलिनॉयचे परदेशात जन्मलेले पहिले गव्हर्नर होते. शिकागोतून या पदावर पोहोचलेलेही ते पहिलेच. डेमोक्रॅटिक पक्षाला हे पद १८५०च्या दशकानंतर प्रथमच मिळाले होते. शपथविधीच्या दिवशी ते इतके आजारी होते की, त्यांना समारंभ जेमतेम पार पाडता आला.

हेमार्केट माफी

१ मे, इ.स. १८८६ रोजी आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी अमेरिकेत मोठा संप सुरू झाला. शिकागो हे त्याचे प्रमुख केंद्र होते. ३ मे रोजी मॅकॉर्मिक कारखान्याजवळ पोलिसांच्या गोळीबारात कामगार मारले गेले. त्याच्या निषेधार्थ ४ मे रोजी हेमार्केट चौकात सभा झाली. ती संपत आली असताना पोलीस जमाव पांगवण्यास आले आणि कोणीतरी त्यांच्यावर बॉम्ब फेकला. या स्फोटात व त्यानंतरच्या गोळीबारात सात पोलीस व काही नागरिक मृत्युमुखी पडले. बॉम्ब फेकणाऱ्याची ओळख कधीच पटली नाही.

या प्रकरणी आठ अराजकतावादी कार्यकर्त्यांवर खटला भरण्यात आला. न्यायाधीश जोसेफ गॅरी यांच्यासमोर चाललेल्या खटल्यात सात जणांना मृत्युदंड व ऑस्कर नीब यांना १५ वर्षे कारावासाची शिक्षा झाली. ११ नोव्हेंबर, इ.स. १८८७ रोजी ऑगस्ट स्पाइस, आल्बर्ट पार्सन्स, अडॉल्फ फिशर व जॉर्ज एंगेल यांना फाशी देण्यात आली. लुई लिंग यांनी आदल्या दिवशी कोठडीत आत्महत्या केली. सॅम्युएल फील्डन व मायकेल श्वाब यांची शिक्षा तत्कालीन गव्हर्नर रिचर्ड ओग्लझबी यांनी जन्मठेपेत बदलली. या घटनांच्या स्मरणार्थ १ मे हा दिवस पुढे महाराष्ट्रासह जगभर कामगार दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

उरलेल्या तिघांच्या सुटकेसाठी हजारो नागरिकांनी अर्ज केले होते. त्यांत शिकागोतील काही प्रतिष्ठित बँकर व व्यापारीही होते. कैद्यांनी पुरेशी शिक्षा भोगली आहे, असे सांगून दया दाखवली असती तर फारसा गहजब झाला नसता. ऑल्टगेल्ड यांनी मात्र खटल्याची सर्व कागदपत्रे स्वतः वाचली. २६ जून, इ.स. १८९३ रोजी त्यांनी तिघांनाही बिनशर्त माफी दिली व तिची कारणे सविस्तर प्रसिद्ध केली.

या निवेदनात त्यांनी दयेचा मुद्दा बाजूला ठेवला. आरोपी दोषी ठरले असतील, तर शिक्षा कमी करण्याचे कारण नाही आणि खटलाच न्याय्य नसेल, तर ते पूर्ण सुटकेस पात्र आहेत, अशी त्यांची भूमिका होती. ज्युरी ठरवून निवडली गेली होती व तिच्यातील अनेकांनी आपला पूर्वग्रह उघड मान्य केला होता. बॉम्ब फेकणारा अज्ञात असताना त्याचा आरोपींशी संबंध सिद्ध झालेला नव्हता. न्यायाधीशांचे वर्तनही पक्षपाती होते. असे निष्कर्ष त्यांनी पुराव्यांसह मांडले. पोलीस अधिकारी जॉन बॉनफील्ड यांच्या दडपशाहीवरही त्यांनी बोट ठेवले.

प्रतिक्रिया तीव्र होती. देशभरातील वृत्तपत्रांनी त्यांना अराजकतावादी ठरवले आणि त्यांच्या परदेशी जन्माचा उल्लेख वारंवार केला. काही ठिकाणी त्यांच्या प्रतिमा जाळण्यात आल्या. अनेकांना माफीपेक्षा न्यायालयावरील टीका अधिक झोंबली. पदावर येऊन त्यांना तेव्हा सहा महिनेही झालेले नव्हते.

सुधारणा

ऑल्टगेल्ड यांच्या कार्यकाळातील इतर निर्णय माफीच्या वादात झाकले गेले. इ.स. १८९३च्या कारखाने कायद्याने १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामावर ठेवण्यास बंदी घातली व स्त्रियांसाठी आठ तासांची मर्यादा घातली. या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी त्यांनी फ्लॉरेन्स केली यांची मुख्य कारखाना निरीक्षक म्हणून नेमणूक केली. इतक्या अधिकाराच्या पदावर स्त्रीची नेमणूक ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. आठ तासांची तरतूद मात्र इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १८९५मध्ये रद्द केली.

त्यांनी इलिनॉय विद्यापीठाला भरघोस निधी मिळवून दिला. डीकाल्ब व चार्ल्स्टन येथील शिक्षक-प्रशिक्षण संस्थाही त्यांच्याच काळात स्थापन झाल्या. या संस्थांची आज विद्यापीठे झाली आहेत. इ.स. १८९५मध्ये शिकागोतील ट्रामगाड्यांचे मालक चार्ल्स यर्कीस यांना दीर्घ मुदतीची मक्तेदारी देणारी विधेयके विधिमंडळाने संमत केली. ऑल्टगेल्ड यांनी त्यांवर नकाराधिकार वापरला. याच सुमारास त्यांना मोठी लाच देऊ करण्यात आली होती, असे सांगितले जाते. इ.स. १८९३च्या मंदीने युनिटी बिल्डिंगवरील कर्जाचा बोजा वाढलेला असताना त्यांनी हा निर्णय घेतला होता.

पुलमन संप

मंदीच्या काळात शिकागोजवळील पुलमन कंपनीने रेल्वेडबे बनवणाऱ्या कामगारांचे वेतन कापले. कंपनीच्याच घरांत राहणाऱ्या या कामगारांचे भाडे मात्र तिने कमी केले नाही. मे १८९४मध्ये तेथे संप सुरू झाला. जूनच्या अखेरीस युजीन डेब्स यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनने पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्या चालवण्यास नकार दिला आणि देशातील मोठ्या भागात रेल्वे वाहतूक ठप्प झाली.

केंद्र सरकारने न्यायालयाकडून संपाविरुद्ध मनाईहुकूम मिळवला. टपाल व आंतरराज्य व्यापार यांना अडथळा येत असल्याचे कारण देऊन क्लीव्हलंड यांनी ३ जुलै रोजी शिकागोत सैन्य पाठवण्याचा आदेश दिला. ऑल्टगेल्ड यांनी ५ व ६ जुलै रोजी तारा पाठवून याचा निषेध केला. राज्यातील अशांततेसाठी केंद्रीय सैन्य हवे असल्यास विधिमंडळाने किंवा गव्हर्नराने मागणी करावी लागते, अशी मागणी झालेली नाही आणि राज्याची पलटण पुरेशी आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. क्लीव्हलंड यांनी तो फेटाळला. सैन्य आल्यानंतर हिंसाचार वाढला. शिकागोच्या महापौरांनी मागणी करताच ऑल्टगेल्ड यांनी राज्याच्या पलटणी शहरात पाठवल्या. संप मोडला व डेब्स यांना तुरुंगवास झाला. ऑगस्टमध्ये ऑल्टगेल्ड स्वतः पुलमन वसाहतीत गेले व उपासमार सोसणाऱ्या कुटुंबांना मदत मिळावी म्हणून त्यांनी आवाहन केले.

क्लीव्हलंड त्यांच्याच पक्षाचे होते. या संघर्षामुळे पक्षातील श्रीमंत व सनातनी गट ऑल्टगेल्ड यांच्यापासून दुरावला.

इ.स. १८९६ची फेरनिवडणूक

मंदीचा दोष सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाला लागला होता आणि इ.स. १८९४च्या निवडणुकांत पक्षाची देशभर पीछेहाट झाली होती. पक्षाने क्लीव्हलंड यांच्यापासून फारकत घ्यावी, असे ऑल्टगेल्ड यांचे मत झाले. जून १८९५मध्ये स्प्रिंगफील्ड येथे झालेल्या राज्य परिषदेत त्यांच्या नेतृत्वाखाली मुक्त चांदीचा ठराव संमत झाला. सोळा भाग चांदी म्हणजे एक भाग सोने या प्रमाणात चांदीची नाणी मुक्तपणे पाडावीत, म्हणजे चलन वाढेल व कर्जबाजारी शेतकऱ्यांचा भार हलका होईल, असा हा विचार होता. बँका व व्यापारी वर्ग सुवर्णमानाच्या बाजूने होता.

जुलै १८९६मध्ये शिकागोत भरलेल्या राष्ट्रीय अधिवेशनात ऑल्टगेल्ड यांचा प्रभाव सर्वाधिक होता. पक्षाच्या जाहीरनाम्यात चांदीबरोबरच राज्यांच्या कारभारात केंद्राने केलेल्या हस्तक्षेपाचा व मनाईहुकमांच्या राजवटीचा निषेध करण्यात आला. परदेशात जन्मल्यामुळे ते स्वतः राष्ट्राध्यक्षपदासाठी पात्र नव्हते. त्यांची पसंती मिसूरीचे रिचर्ड ब्लँड यांना होती, पण उमेदवारी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना मिळाली. तरीही व्यंगचित्रकार ब्रायन यांना ऑल्टगेल्ड यांच्या हातातील बाहुले म्हणून रंगवू लागले.

प्रकृती ढासळलेली व आर्थिक अडचणी वाढलेल्या असूनही ऑल्टगेल्ड गव्हर्नरपदासाठी पुन्हा उभे राहिले. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉन टॅनर हे यादवी युद्धातील माजी सैनिक व राज्याचे माजी खजिनदार होते. पक्षातील सुवर्णवाद्यांनी वेगळी चूल मांडली आणि इलिनॉयचेच सिनेटर जॉन पामर यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे केले. गव्हर्नरपदासाठीही त्यांनी स्वतंत्र उमेदवार दिला. रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय प्रचाराची दोन मुख्य कार्यालये न्यू यॉर्क व शिकागो येथे होती. त्यामुळे इलिनॉयमध्ये प्रचाराचा जोर विशेष होता.

प्रचारात ऑल्टगेल्ड यांच्यावर मुख्य भर देण्यात आला. ऑक्टोबरमध्ये थियोडोर रूझवेल्ट यांनी शिकागोत मोठी सभा घेऊन त्यांच्यावर कठोर टीका केली. हेमार्केटची माफी, पुलमन संपातील भूमिका व चांदी हे तीनही मुद्दे एकत्र करून त्यांना कायदा व मालमत्तेचे शत्रू ठरवण्यात आले. उत्तरादाखल ऑल्टगेल्ड यांनी १७ ऑक्टोबर रोजी न्यू यॉर्कमधील कूपर युनियन सभागृहात भाषण केले. मतदान अवघ्या काही आठवड्यांवर आले असताना त्यांनी तेथे केंद्राचा हस्तक्षेप व मनाईहुकूम यांविषयीची आपली मते पुन्हा सविस्तर मांडली. माफीच्या निर्णयाबद्दलही त्यांनी अखेरपर्यंत खेद व्यक्त केला नाही.

निकाल व मीमांसा

३ नोव्हेंबर, इ.स. १८९६ रोजी झालेल्या मतदानात टॅनर यांना सुमारे ५.८७ लाख व ऑल्टगेल्ड यांना सुमारे ४.७४ लाख मते मिळाली.

माफीमुळे त्यांची राजकीय कारकीर्द संपली, असे पुष्कळदा लिहिले जाते. आकडे पाहता चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. ऑल्टगेल्ड यांना इ.स. १८९२च्या विजयापेक्षा या पराभवात सुमारे ४९ हजार मते अधिक पडली. मतदान मोठ्या प्रमाणात वाढले होते आणि वाढीव मतांपैकी बहुतांश मते रिपब्लिकन पक्षाकडे गेली. त्याच दिवशी विल्यम मॅककिन्ली यांनी इलिनॉयमध्ये ब्रायन यांच्यावर सुमारे १.४ लाख मतांची आघाडी घेतली. टॅनर यांची आघाडी मात्र सुमारे १.१३ लाखांची होती. म्हणजे देशातील सर्वाधिक टीका झालेल्या गव्हर्नराला स्वतःच्या राज्यात आपल्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारापेक्षा अधिक मते मिळाली.

यावरून मंदी व चलनाचा प्रश्न हे पराभवाचे मोठे कारण मानता येते. माफी व पुलमन संप यांमुळे विरोधी प्रचाराला धार आली आणि व्यापारी वर्ग व बहुतेक मोठी वृत्तपत्रे एकवटली. यांतील कोणत्या कारणाने किती मते गेली, हे वेगळे काढणे शक्य नाही.

११ जानेवारी, इ.स. १८९७ रोजी टॅनर यांचा शपथविधी झाला. मावळत्या गव्हर्नराने या वेळी निरोपाचे भाषण करण्याची प्रथा होती. ऑल्टगेल्ड यांना ती संधी देण्यात आली नाही. त्याच वर्षी ट्राम कंपन्यांना दीर्घ मुदतीचे परवाने देण्याची मुभा देणारा ॲलन कायदा टॅनर यांच्या सहीने अमलात आला. जनक्षोभामुळे तो दोन वर्षांत रद्द करावा लागला.

अखेरची वर्षे व मृत्यू

पद गेल्यावर युनिटी बिल्डिंगही त्यांच्या हातून गेली व त्यांची बहुतेक संपत्ती संपली. इ.स. १८९९मध्ये त्यांनी शिकागोच्या महापौरपदाची निवडणूक अपक्ष म्हणून लढवली, पण ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. त्यानंतर ते डॅरो यांच्या कार्यालयात वकिली करू लागले.

११ मार्च, इ.स. १९०२ रोजी जोलिएट येथे दक्षिण आफ्रिकेतील बोअर लोकांच्या समर्थनार्थ झालेल्या सभेत भाषण केल्यानंतर ते कोसळले. दुसऱ्या दिवशी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. ते ५४ वर्षांचे होते. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्यांचे पार्थिव ठेवण्यात आले, तेव्हा हजारो लोक अंत्यदर्शनासाठी आले. अंत्यविधीच्या वेळी डॅरो व समाजसेविका जेन ॲडम्स यांनी भाषणे केली. ग्रेसलँड दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

कवी व्हेचल लिंडसे यांनी ऑल्टगेल्ड यांच्यावर लिहिलेली द ईगल दॅट इज फरगॉटन ही कविता प्रसिद्ध आहे. हॅरी बर्नार्ड यांनी इ.स. १९३८मध्ये त्यांचे चरित्र लिहिले, तर हॉवर्ड फास्ट यांची द अमेरिकन (इ.स. १९४६) ही कादंबरी त्यांच्या जीवनावर आधारलेली आहे. शिकागोच्या लिंकन पार्कमध्ये इ.स. १९१५पासून त्यांचे स्मारक आहे. ते रशमोर पर्वतावरील शिल्पांचे कर्ते गट्झन बोर्ग्लम यांनी घडवले. इलिनॉय विद्यापीठातील एका इमारतीला व शिकागोतील ऑल्टगेल्ड गार्डन्स या सार्वजनिक वसाहतीला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

हेमार्केट खटल्यातील मृतांचे स्मारक शिकागोजवळील फॉरेस्ट पार्क येथील दफनभूमीत आहे. त्याचे अनावरण माफीच्या आदल्या दिवशी, २५ जून, इ.स. १८९३ रोजी झाले होते. या स्मारकाच्या मागील बाजूस आज ऑल्टगेल्ड यांच्या माफीच्या निवेदनातील मजकूर कोरलेला आहे.